नव्या कॉम्प्युटरवर जुना बॅकअप पुढे चालत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि आमच्या सांगली-मिरजेत कितीतरी घरांत, ऑफिसांत नवे कॉम्प्युटर आले. कॉम्प्युटर बदलून दोन-तीन आठवडे झाले की मला फोन येतो. तक्रार जवळपास ठरलेली असते: "फाइल सगळ्या आल्या, प्रिंटरपण चालू झाला, फक्त ती बॅकअपची हार्ड डिस्क काही घेत नाही." हे काम मी इतक्या वेळा केलंय की फोनवर चार प्रश्न विचारले की बिघाड कुठे आहे ते बहुतेकदा कळतं. तेच प्रश्न, त्याच क्रमानं, इथे लिहितो.

बरेच जण म्हणतात, जुनं कशाला हवं, नवीन बॅकअप सुरू करून टाकू. मला ते पटत नाही. आजच्या फाइलची प्रत करणं सोपं आहे. बॅकअपची खरी किंमत मागच्या तारखांमध्ये असते. मार्चमध्ये एका एक्सेल शीटवर चुकून दुसरीच शीट सेव्ह झाली आणि सप्टेंबरमध्ये लक्षात आलं, तर फेब्रुवारीची प्रत फक्त जुन्या बॅकअपमध्येच सापडणार. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. एवढ्या काळात कॉम्प्युटर एकदा तरी बदलतोच. त्या बदलात साखळी तुटता कामा नये.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ओळखा:

- डिस्क लावली की आवाज येतो, दिवा लागतो, पण "धिस पीसी"मध्ये काही दिसत नाही.
- डिस्क दिसते, पण बॅकअपचं सॉफ्टवेअर म्हणतं, "ड्राइव्ह सापडत नाही" किंवा "ड्राइव्ह पुन्हा जोडा".
- बॅकअप चालतो, पण दोन मिनिटांत "पूर्ण झाला" म्हणतो. एवढ्या लवकर तो होऊच शकत नाही.
- उलट, बॅकअप सगळं पहिल्यापासून घेतो आणि अर्ध्यात डिस्क भरते.
- जुनं फोल्डर उघडायला गेलं की "परवानगी नाही" असं येतं.
- डिस्क पासवर्ड मागते आणि घरात तो कुणालाच आठवत नाही.
- विंडोज म्हणतं, "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा".
- जुनी फाइल परत आणली, उघडली, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसते.

शेवटचं लक्षण खरं तर बॅकअपचा दोष नाही, पण मला येणाऱ्या फोनांमध्ये ते हमखास असतं, म्हणून त्यावरही खाली लिहिलंय.

हात लावण्याआधी

नवा कॉम्प्युटर रिकामा असतो. बॅकअपची डिस्क भरलेली असते. या दोघांची गाठ चुकीच्या दिशेनं पडली तर रिकामेपणा भरलेल्या डिस्कवर उतरतो. त्यामुळे सगळ्यात आधी नव्या मशीनवरचे आपोआप चालणारे बॅकअप थांबवा. पहिल्या दिवशी त्या डिस्कवरून फक्त वाचायचं, तिच्यावर काही लिहायचं नाही.

हे मी इतक्या कळकळीनं सांगतोय त्याला कारण आहे. ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत रोज रात्री नऊला रोबोकॉपीची (विंडोजमधली फाइल कॉपी करायची कमांड) एक बॅच फाइल, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली फाइल, चालायची. ती मिरर पद्धतीनं लिहिलेली होती, म्हणजे कॉम्प्युटरवर जे आहे तेच डिस्कवर राहणार आणि कॉम्प्युटरवर जे नाही ते डिस्कवरूनही जाणार. नव्या कॉम्प्युटरवर कुणीतरी "शूट" नावाचं फोल्डर करून ठेवलं, फोटो दुसऱ्या दिवशी आणायचे होते, आणि जुनी बॅच फाइलही तशीच उचलून आणली. फोल्डरच नसतं तर रोबोकॉपी चूक दाखवून थांबली असती. पण फोल्डर होतं आणि ते रिकामं होतं. रात्री नऊला दीड वर्षाच्या लग्नांचे फोटो डिस्कवरून पुसले गेले, आणि ही पुसापुशी रिसायकल बिनमध्ये जात नाही. जुना कॉम्प्युटर दुकानातच होता म्हणून सगळं परत मिळालं. एक्सचेंजमध्ये देण्यासाठी तो गाडीत घालून ठेवला होता.

म्हणून जुना कॉम्प्युटर किमान महिनाभर देऊ नका, विकू नका, त्याला फॉरमॅट मारू नका. दुकानदार एक्सचेंजची घाई करत असेल तर ती सूट सोडून द्या. आणि कुठल्याही खिडकीत "फॉरमॅट", "इनिशियलाइज", "इरेज" किंवा "क्लीन अप व्हर्जन्स" दिसलं की "कॅन्सल" दाबा, मग विचार करा.

१. केबल, पोर्ट आणि वीज

याला पैसा लागत नाही आणि निम्मे फोन इथेच मिटतात. जुन्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कला चपटी, रुंद टोकाची केबल असते. ती वर्षानुवर्षं वाकून सैल झालेली असते. नव्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्टच जास्त, म्हणून लोक स्वस्तातला हब घेतात आणि त्याला डिस्क, माउस, पेन ड्राइव्ह सगळं लावतात. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना जास्त वीज लागते. हबमधून ती पुरत नाही, डिस्क फिरायला लागते आणि थांबते. डिस्क थेट लॅपटॉपला लावा, हब बाजूला ठेवा, शक्य असेल तर शेजाऱ्याची केबल आणून बघा.

पोर्टचा वेगही इथेच बघून घ्या. ४०० जीबीचा बॅकअप यूएसबी २ वरून घेतला तर साधारण पावणेचार तास लागतात, यूएसबी ३ वरून तासाभरापेक्षा थोडं जास्त. बॅकअप "अडकलाय" म्हणून लोक मध्येच केबल ओढतात, पण बऱ्याचदा तो फक्त हळू चाललेला असतो. आपल्याकडे वीज जाते हेही धरून चला. डेस्कटॉप असेल तर पहिला मोठा बॅकअप यूपीएस असतानाच लावा.

२. ड्राइव्हचं अक्षर

जुन्या कॉम्प्युटरवर सी आणि डी असे दोन भाग होते, डीव्हीडीला ई, म्हणून बॅकअपची डिस्क एफ. नव्या लॅपटॉपवर बहुतेकदा एकटा सी असतो, म्हणून तीच डिस्क आता डी होते. बॅकअपचं सॉफ्टवेअर मात्र एफ शोधत बसतं आणि सांगतं की ड्राइव्ह नाही. डिस्क ठणठणीत असते.

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा, "डिस्क मॅनेजमेंट" उघडा, डिस्कवर उजवी क्लिक करून "चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स" मधून जुनंच अक्षर द्या. मी स्वतः जरा वेगळं करतो: एक्स किंवा वाय असं शेवटाकडचं अक्षर देतो आणि सॉफ्टवेअरमध्येही तेच भरतो. म्हणजे उद्या कुणी आधी पेन ड्राइव्ह लावला तरी ते अक्षर कुणी पळवत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडताच "इनिशियलाइज डिस्क" विचारलं तर मात्र कॅन्सल करून सरळ या लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा.

३. कुलूप लावलेली डिस्क

डिस्क दिसते, तिच्या चित्रावर कुलूप दिसतं आणि पासवर्ड मागते. हे बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. मालक म्हणतो, "आम्ही कधी पासवर्ड टाकलाच नाही." तो खोटं बोलत नसतो. जुन्या कॉम्प्युटरवर आपोआप उघडण्याची सोय लावलेली असते, आणि ती त्या कॉम्प्युटरपुरतीच असते. नव्याला ती माहीत नाही.

जुना कॉम्प्युटर अजून चालू असेल तर डिस्क त्याला लावा, ती आपोआप उघडेल. तिथेच बिटलॉकरच्या सेटिंगमध्ये जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की छापून घ्या. जुना कॉम्प्युटर गेला असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून तिथे की जपलेली आहे का बघा, आणि जुन्या कागदांची फाइल चाळा. पासवर्ड नाही आणि कीही नाही, तर ती डिस्क कुणालाच उघडता येत नाही. "पाच हजार द्या, उघडून देतो" म्हणणारा भेटला तर पैसे देऊ नका.

नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं सुरुवात केली की आतल्या डिस्कलाही बहुतेकदा असंच कुलूप आपोआप लागतं. त्याची कीसुद्धा आजच लिहून ठेवा, पण त्याच लॅपटॉपमध्ये नव्हे.

४. फोल्डरचा पत्ता बदललाय

"बॅकअप दोन मिनिटांत झाला" या तक्रारीचं मूळ जवळजवळ नेहमी इथे असतं, आणि हे नजरेला चटकन दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जुन्या कॉम्प्युटरवर यूझरचं फोल्डर समजा "राजेंद्र" नावाचं होतं. नवा कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं सुरू केला की विंडोज ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं फोल्डर करतं. म्हणजे माणूस तोच, पण घराचा पत्ता बदलला. त्यात भर म्हणून नव्या कॉम्प्युटरवर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल ठेवायची सोय, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं स्वतःच्या पोटात घेतो. तुम्हाला डेस्कटॉप नेहमीसारखाच दिसतो. आतून तो वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेला असतो. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना पत्ता लिहिलेला असेल तर ते तिथे जातं, काही सापडत नाही, आणि "पूर्ण झालं" म्हणून परत येतं.

तपासायचं असं: डॉक्युमेंट्सवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि "लोकेशन"मध्ये खरा पत्ता वाचा. तोच सॉफ्टवेअरमध्ये भरा. वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या फाइलवर निळा ढग दिसत असेल तर ती फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. बॅकअप तिला वगळू शकतो. हिरवी खूण असेल तरच ती डिस्कवर आहे. महत्त्वाच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" लावा. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी असते. ती भरली की नव्या फाइल वर चढत नाहीत आणि लोक समजतात की सगळं क्लाउडवर सुखरूप आहे.

टॅलीचा डेटा तर मुळात डॉक्युमेंट्समध्ये नसतोच. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो. तो वाचा आणि ते फोल्डर बॅकअपमध्ये वेगळं घाला. ज्या दोन सीए ऑफिसांचं काम मी बघतो, त्या दोन्हीकडे कॉम्प्युटर बदलताना हेच राहून गेलं होतं.

कॉम्प्युटरच्या नावाचंही असंच आहे. घरात किंवा ऑफिसात नेटवर्कवर ठेवलेली डिस्क असेल तर बरीच सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या नावावरून बॅकअप ओळखतात. नव्याला जुनं नाव देता येतं, पण आधी जुन्या कॉम्प्युटरचं नाव बदला. एकाच नेटवर्कवर एका नावाची दोन मशीनं ठेवू नका.

५. फाइल हिस्टरीला जुनी डिस्क ओळखायला लावणं

विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून विंडोजमध्येच फाइल हिस्टरी ही फाइलच्या जुन्या प्रती जपणारी बॅकअपची सोय आहे आणि ती अजूनही अनेकांकडे चालू आहे. तिची एक गोष्ट मला फार आवडते: ती फाइल कुठल्या गूढ स्वरूपात कोंबत नाही. डिस्कवर "फाइलहिस्टरी" फोल्डर असतं, त्यात यूझरचं नाव, त्यात कॉम्प्युटरचं नाव, त्यात "डेटा" आणि "कॉन्फिगरेशन". डेटामध्ये तुमच्या फाइल साध्या फाइल म्हणूनच असतात, फक्त नावाच्या शेवटी तारीख आणि वेळ जोडलेली असते. म्हणजे फाइल हिस्टरी अजिबात चालली नाही तरी हातानं फाइल उचलता येते. ही वेळ भारतीय वेळ नसते. ती यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी साडेअकराला घेतलेली प्रत नावात ०६ वाजताची दिसते. वेळ चुकलीय म्हणून ती टाकून देऊ नका.

नव्या कॉम्प्युटरवर कंट्रोल पॅनलमधून फाइल हिस्टरी उघडा; विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका. "सिलेक्ट ड्राइव्ह" दाबा, डिस्क निवडा. डिस्कवर आधीचा बॅकअप सापडला तर खाली एक चौकट येते: या डिस्कवरचा आधीचा बॅकअप वापरायचा आहे. लोक घाईत ओके दाबतात आणि ही चौकट तशीच रिकामी राहते. शून्यापासून सुरू होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. तिच्यावर टिक करा, यादीतून जुना यूझर आणि जुना कॉम्प्युटर निवडा, मग ओके. एकाच डिस्कवर घरातल्या तिघांचे बॅकअप असतील तर नाव नीट वाचून निवडा.

चौकटच आली नाही तर "फाइलहिस्टरी" फोल्डर डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर आहे का बघा. कुणीतरी आवराआवर म्हणून ते "जुनं" नावाच्या फोल्डरात ढकललेलं असतं. ते बाहेर आणा आणि पुन्हा प्रयत्न करा.

आणखी एक. विंडोज ११ मध्ये फाइल हिस्टरीला हवं ते फोल्डर थेट जोडता येत नाही. सी ड्राइव्हवर वेगळं केलेलं "हिशेब" फोल्डर घ्यायचं असेल तर त्यावर उजवी क्लिक करून आधी ते एखाद्या लायब्ररीत सामील करा.

"सिस्टिम इमेज" हा प्रकार मात्र वेगळा आहे. डिस्कवर "विंडोजइमेजबॅकअप" नावाचं फोल्डर असेल तर तो जुन्या कॉम्प्युटरचा विंडोजसकट पूर्ण साचा आहे. तो नव्या मशीनवर उतरवू नका. ड्रायव्हर, लायसन्स, सगळ्याचा गोंधळ होतो. त्या फोल्डरचं नावही बदलू नका आणि ते हलवू नका, नाहीतर विंडोजला ते सापडणार नाही.

६. परवानगी नाही

यूझरचं नाव तेच ठेवलं तरी विंडोजच्या लेखी तुम्ही नवा माणूस असता. प्रत्येक विंडोज यूझरला आतून एक लांबलचक क्रमांक देतं, आणि जुन्या फाइलवर जुन्या क्रमांकाची मालकी असते. बहुतेकदा "कंटिन्यू" दाबलं की काम होतं. नाही झालं तर त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, आणि वरच्या "ओनर"समोर "चेंज" करून स्वतःला मालक करा, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. हजारो फाइल असतील तर वेळ लागतो, मध्ये थांबवू नका. हे फक्त हव्या त्या फोल्डरपुरतं करा. अख्ख्या डिस्कवर करायची सवय लागली की कधीतरी ते सी ड्राइव्हवर होतं आणि विंडोज बसतं.

७. मिरर आणि तारखा

फ्रीफाइलसिंकसारखं दोन फोल्डर जुळवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नव्या मशीनवर पहिल्यांदा फक्त "कंपेअर" दाबा आणि यादी वाचा. किती फाइल जाणार आणि किती पुसल्या जाणार हे तिथे आधीच दिसतं. पुसल्या जाणाऱ्यांचा आकडा मोठा दिसला तर थांबा. रोबोकॉपीमध्येही प्रत्यक्ष काही न करता फक्त यादी दाखवणारा एल हा पर्याय आहे. पहिले काही दिवस मिररऐवजी "अपडेट" पद्धत ठेवा. ती नवं घेते, जुनं पुसत नाही.

सगळ्याच फाइल "बदललेल्या" दिसत असतील तर तारखा बघा. एक्सप्लोररनं कॉपी केल्यावर "मॉडिफाइड"ची तारीख जशीच्या तशी राहते, पण झिप करून, क्लाउडवरून उतरवून किंवा मोबाइलमार्गे आणलेल्या फाइलची तारीख आजची होऊ शकते. सॉफ्टवेअर तारीख आणि आकार बघून ठरवतं, म्हणून सगळं पुन्हा घेतं. उपाय दोन: जुन्या कॉम्प्युटरवरून फाइल पुन्हा थेट कॉपी करा, किंवा एकदाच तुलना फाइलच्या मजकुरावरून करायला लावा. मजकुराची तुलना हळू असते, रात्रभर लावून ठेवा. नव्या कॉम्प्युटरचं घड्याळ आणि टाइम झोन बरोबर आहे ना, हेही इथेच बघा.

८. रेस्टिक, बोर्ग, ड्युप्लिकाटी वापरणाऱ्यांसाठी

ही सॉफ्टवेअर फाइलचे तुकडे करून साठवतात आणि एकच तुकडा दोनदा ठेवत नाहीत. त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवरून पहिला बॅकअप सगळ्या फाइल वाचतो, वेळ घेतो, पण जागा फारशी वाढत नाही. घाबरून मध्येच थांबवू नका. रेस्टिक बॅकअप कॉम्प्युटरच्या नावानुसार वेगळे धरतं. जुने पुसण्याचा नियम लावला असेल तर तो जुन्या नावाच्या आणि नव्या नावाच्या बॅकअपना वेगवेगळा लागू होतो. बोर्गमध्ये की वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची निवड केली असेल तर ती फाइल जुन्या कॉम्प्युटरवरच राहिलेली असते, आधी ती आणा. ड्युप्लिकाटीत सेटिंग आणल्यावर स्थानिक डेटाबेस पुन्हा तयार करावा लागतो. आणि एकाच ठिकाणी जुना नि नवा कॉम्प्युटर दोन्ही ड्युप्लिकाटीनं लिहीत आहेत असं अजिबात होऊ देऊ नका. जुन्यावरचं बंद करा, मग नव्यावर सुरू करा.

इंटरनेटवर बॅकअप असेल तर शून्यापासून सुरू करणं खूप महाग पडतं. ४०० जीबी वर चढवायला २० एमबीपीएसच्या अपलोडवर ४४ तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. अशा सेवांमध्ये जुन्या कॉम्प्युटरचा बॅकअप नव्यानं आपला म्हणण्याची सोय असते का, ते सेटिंगमध्ये आधी शोधा.

मॅकवाले

टाइम मशीन ही मॅकमधलीच बॅकअपची सोय २००७ पासून आहे आणि हे काम ती बरंचसं स्वतः करते. मायग्रेशन असिस्टंटनं जुन्या मॅकवरून सगळं आणलं आणि मग डिस्क लावली, तर ती विचारते की हा जुना बॅकअप आता या मॅकचा मानायचा का. हो म्हणा. क्रम महत्त्वाचा: आधी मायग्रेशन, मग टाइम मशीन चालू. उलट केलं की नवा बॅकअप वेगळा सुरू होतो. ॲपल सांगते की डिस्क मॅकच्या साठवणीच्या किमान दुप्पट असावी. नवा मॅक मोठा घेतला असेल तर जुनी डिस्क आता अपुरी पडतेय का ते बघा. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, आणि टाइम मशीनसाठी दिली तर ती पुसायला सांगतो. तिथे "इरेज"ला हो म्हणू नका, दुसरी डिस्क घ्या. टर्मिनलमधून टीएमयुटिलनं जोडणी करता येते, पण टर्मिनलची सवय नसेल तर तो मार्ग धरू नका.

मराठीच्या जागी खिचडी

एका शिक्षकांनी मला रडवेल्या आवाजात फोन केला होता: वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका खराब झाल्या म्हणून. काहीही खराब झालेलं नव्हतं. श्रीलिपी, आयएसएमचा सुरेख, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये आतून इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात. मराठी दिसतं ते फॉन्टमुळे. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, म्हणून चिन्हं दिसतात. जुन्या कॉम्प्युटरवरून फॉन्ट आणा, किंवा सॉफ्टवेअर पुन्हा टाका, अक्षरं परत येतील. ती फाइल "दुरुस्त" करायला जाऊन सेव्ह मात्र करू नका. वेळ मिळेल तसं युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मूळ फाइलही ठेवा.

चालू झालं, आता खात्री

"बॅकअप पूर्ण" या शब्दांवर मी विश्वास ठेवत नाही. पाच फाइल निवडा: एक मागच्या वर्षीची, एक मागच्या महिन्यातली, एक कालची, एक मोठा व्हिडिओ, एक टॅलीची किंवा तुमच्या कामाच्या सॉफ्टवेअरची. पाचही बॅकअपमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये परत आणा आणि उघडून बघा. जुन्या तारखेची फाइल आली म्हणजे साखळी जुळली. कालची आली म्हणजे ती पुढे चालतेय. दोन्ही झालं की आठवड्यानं पुन्हा एकदा करा, मग जुन्या कॉम्प्युटरचा विचार करा. आणि डिस्क पाच-सहा वर्षांची असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरनं तिची तब्येत बघा. "गुड" ऐवजी "कॉशन" दिसलं की नवी डिस्क आणा आणि आधी जुन्या डिस्कची प्रत त्यावर घ्या.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, ती पडली असेल, पाण्यात भिजली असेल, किंवा फिरून लगेच थांबत असेल, तर ती लगेच काढा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. प्रत्येक वेळी आतलं नुकसान वाढतं. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) चालवू नका, तीही मरणाऱ्या डिस्कला जास्त राबवते आणि फाइलची रचना बदलते. उघडून बघणं तर नाहीच.

विंडोज "फॉरमॅट करा" किंवा "इनिशियलाइज करा" म्हणत असेल आणि डिस्क मॅकची किंवा लिनक्सची नसेल, तर तिची रचना बिघडलेली आहे. त्यावर इंटरनेटवरचं फुकट रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून सापडलेल्या फाइल त्याच डिस्कवर सेव्ह केल्या, तर जे वाचलं असतं तेही जातं. दोन किंवा जास्त डिस्क असलेला नेटवर्कचा डबा असेल आणि तो उघडत नसेल, तर डिस्क काढून त्यांची अदलाबदल करू नका. त्या कुठल्या खाचेत होत्या हे पट्टी चिकटवून लिहून ठेवा. आणि ज्या फाइलची दुसरी प्रत कुठेच नाही, त्या डिस्कवर मी सांगितलेली मालकी बदलण्याची तपासणीसुद्धा स्वतः करू नका.

जाणकार म्हणजे डेटा रिकव्हरीचं काम करणारा, नुसता विंडोज मारून देणारा नव्हे. त्याला पहिला प्रश्न विचारा: आधी माझ्या डिस्कची हुबेहूब प्रत घेणार का, आणि काम त्या प्रतीवर करणार का? "हो" म्हणाला तरच डिस्क हातात द्या. जाताना एका कागदावर लिहून न्या: डिस्क किती वर्षांची, किती टीबीची, शेवटचा बॅकअप नीट कधी झाला, त्यानंतर काय काय करून बघितलं, कोणत्या तीन फोल्डरांशिवाय चालणारच नाही. बिटलॉकरची की असेल तर तीही. जुना कॉम्प्युटर अजून घरी असेल तर तो फॉरमॅट न करता सोबत न्या. बऱ्याचदा अर्ध्या फाइल त्यातच असतात आणि डिस्कला हात लावायचीही गरज पडत नाही.